साडेतीन डॉलर कुणाचे?

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराने २००६ साली ऑनलाइन प्रवास कंपन्यांवर दावा लावला. पाहुण्याने खोलीसाठी जेवढे पैसे मोजले तेवढ्यावर हॉटेलकर, म्हणजे मुक्कामावरचा शहराचा कर, यायला हवा होता, तुम्ही हॉटेलला दिलेल्या घाऊक दरावरच भरलात, उरलेला आणून द्या, इतकंच म्हणणं. सॅन अँटोनियोसकट राज्यातली १७३ शहरं या एका दाव्यात एकत्र आली. २००९ मध्ये ज्यूरीने सुमारे २ कोटी डॉलरचा कौल शहरांच्या पारड्यात टाकला. व्याज आणि दंड चढत जाऊन २०१६ पर्यंत आकडा ८ कोटी ४० लाखांच्या घरात गेला. मग २०१७ मध्ये पाचव्या सर्किटच्या (केंद्रीय न्यायालयांच्या ज्या विभागात टेक्सास येतं त्याच्या) अपील न्यायालयाने सगळंच उलटवलं. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे कर घाऊक दरावरच लागतो, कंपन्यांनी काहीही बुडवलेलं नाही, असा निकाल आला.

गोष्ट इथेही संपली नाही. अपील चालू असताना शहरांनी वसुली करू नये म्हणून कंपन्यांनी बाँड, म्हणजे रकमेची हमीपत्रं, काढले होते. त्यांच्या प्रीमियमसकट अपिलाचा खर्च आता हरलेल्या शहराच्या अंगावर आला. रक्कम २२ लाख डॉलरहून जास्त. तो खर्च टळावा म्हणून सॅन अँटोनियो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२१ मध्ये तिथे एकमताने हरलं. पंधरा वर्षं भांडून जे कंपन्यांकडून घ्यायचं होतं ते मिळालं नाहीच, उलट त्यांनाच द्यावं लागलं. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात ते हेच.

मला या प्रकरणात शहरांची दया येते, पण अर्धीच. हॉटेलकराच्या या सगळ्या वादात शहरांचा मुद्दा बरोबर होता, आणि त्यांनी ठोठावलेलं दार चुकीचं होतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे मान्य करायला दोन्ही बाजूंचे वकील कधी तयार नव्हते. त्यांचं ते कामही नव्हे.

आधी हिशेब पाहू. खोली १०० डॉलरची आहे आणि शहराचा कर १४ टक्के आहे असं धरू. तुम्ही हॉटेलकडून थेट घेतली तर १०० अधिक १४. आता तीच खोली एखाद्या बुकिंग साइटवरून घ्या. कंपनीने हॉटेलशी ७५ डॉलरचा दर ठरवलेला असतो. वरचे २५ तिचे. तुम्ही पैसे कंपनीला देता, ती त्यातून हॉटेलला ७५ आणि ७५ वरचा कर, म्हणजे साडेदहा डॉलर, पाठवते. हॉटेल ते साडेदहा शहराच्या तिजोरीत भरतं. खोली तीच, रात्र तीच, पलंग तोच, आणि तुम्हाला दिसलेला दरही बहुतेक वेळा तोच, कारण हॉटेलने स्वतःच्या साइटवर आपल्यापेक्षा कमी दर लावू नये अशी अट या कंपन्या करारात घालून घेत. शहराला मात्र साडेतीन डॉलर कमी मिळाले.

ते साडेतीन डॉलर कुठे गेले? कंपन्या म्हणत आल्या की कुठेच गेले नाहीत. आम्ही पाहुण्याकडून कर म्हणून जेवढं घेतलं तेवढं पुढे पाठवलं, जास्तीचं कधी घेतलंच नाही. असेलही. पण पाहुण्याच्या पावतीवर हे तपासायची सोय नव्हती. तिथे खोलीच्या दराखाली एकच ओळ असायची, ‘कर आणि शुल्क’. त्या एका ओळीत सरकारचा कर किती आणि कंपनीची फी किती, ते वेगळं काढून दाखवलेलं नसे. कर आणि फी एकाच भांड्यात घुसळायची आणि नंतर न्यायालयात जाऊन म्हणायचं की यातलं ताक आमचं आणि लोणी सरकारचं, हा प्रकार मला पहिल्यापासून खटकत आला आहे. खुद्द ग्राहकांनाही तो खटकला होता. वॉशिंग्टन राज्यात एक्सपीडिया या बुकिंग कंपनीवर ग्राहकांनी या फीवरून दावा लावला आणि २००९ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी १८ कोटी ४० लाख डॉलरचा निकाल ग्राहकांच्या बाजूने दिला. पुढे तडजोड झाली.

इंटरनेटच्या आधीही दलाल होतेच. कोपऱ्यावरचा ट्रॅव्हल एजंट तुमच्यासाठी खोली राखून ठेवायचा, तुम्ही हॉटेलात जाऊन पूर्ण पैसे भरायचात आणि नंतर हॉटेल एजंटला त्याची दलाली पाठवायचं. कर पूर्ण रकमेवर लागायचा, म्हणजे एजंटच्या दलालीवरही लागायचा. त्यावरून कुणी कधी न्यायालयात गेल्याचं माझ्या वाचनात नाही. नव्या कंपन्यांनी काय केलं? पैशाच्या प्रवासाची दिशा फिरवली. पूर्वी पाहुणा हॉटेलला देई आणि हॉटेल दलालाला. आता पाहुणा दलालाला देतो आणि दलाल हॉटेलला. दलालाचं काम बदललं नाही, पाहुण्याचा खर्च बदलला नाही, फक्त रोकड आधी कुणाच्या हातात पडते ते बदललं, आणि तेवढ्यावर कराचा पाया एक चतुर्थांशाने खचला. गंमत अशी की याच कंपन्या काही खोल्या जुन्या पद्धतीनेही विकतात, पैसे हॉटेलात जाऊन भरा म्हणतात, आणि तेव्हा कर पूर्ण रकमेवरच लागतो. एकाच दुकानात एकाच मालाला दोन मापं.

इथपर्यंत मी शहरांचाच वकील आहे. पण वकिली आणि कायदा यांत फरक असतो. हॉटेलकराचे अमेरिकेतले बहुतेक नियम इंटरनेटच्या फार आधीचे आहेत. न्यूयॉर्क शहराने १९४६ मध्ये असा कर लावला, मग एकामागून एक शहरांनी तो उचलला. कर कुणी गोळा करायचा, तर हॉटेल ‘चालवणाऱ्याने’. हे शब्द लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काउंटरमागे बसलेला, मागच्या भिंतीवर किल्ल्या टांगलेला माणूस होता. त्या शब्दांत शेकडो मैलांवरच्या एका वेबसाइटला बसवायचं, तर शब्द तरी ताणावा लागतो नाहीतर वेबसाइट तरी.

मग दशकभर शब्दांचा खेळ झाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या पिट काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नियमात हॉटेलं, मोटेलं, पर्यटक निवास आणि ‘त्या प्रकारचे व्यवसाय’ असा उल्लेख होता. चौथ्या सर्किटच्या न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की वेबसाइट काही त्या प्रकारचा व्यवसाय नाही. केंटकीत लुइव्हिलचा दावाही त्याच वर्षी सहाव्या सर्किटमध्ये जवळपास त्याच शब्दांवर पडला. सॅन अँटोनियोच्या नियमात हॉटेलवर ‘नियंत्रण’ असणारा असा शब्द होता, म्हणून त्या ज्यूरीला या कंपन्यांचं हॉटेलांवर नियंत्रण आहे का, ते ठरवायला बसवलं. आहे, असं ज्यूरीने ठरवलंही. ज्या कंपनीला हॉटेलातली एक उशी बदलून देता येत नाही तिचं हॉटेलवर नियंत्रण आहे, हे मला काही केल्या पचत नाही.

याउलट साउथ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एक्सपीडियाच्याच कुटुंबातल्या ट्रॅव्हलस्केपला कर भरायला लावला, कारण तिथला कायदा खोली ‘पुरवणाऱ्या’ प्रत्येकाबद्दल बोलत होता, आणि पुरवणं या शब्दात बरंच मावतं. वायोमिंगनेही २०१४ मध्ये तसंच केलं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सॅन डिएगोला नाही म्हटलं, फ्लोरिडाच्या न्यायालयाने त्याआधी २०१५ मध्ये तिथल्या काउंट्यांना. हवाईत तर २०१५ च्या एकाच निकालात दोन्ही आहे. हॉटेलकर नाही, कारण कंपनी हॉटेल चालवत नाही, पण राज्याचा सर्वसाधारण उलाढाल कर मात्र आहे, कारण धंदा तर ती करतेच.

सगळ्यात बोलकं उदाहरण कोलोराडोचं. डेन्व्हरने २००१ ते २०१० या काळासाठी कर, व्याज आणि दंड मिळून ४ कोटी डॉलरहून जास्त मागितले होते, आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हरचं म्हणणं उचलून धरलं. डेन्व्हरहून गाडीने दोनेक तासांवर ब्रेकनरिज हे बर्फावर घसरायला येणाऱ्यांचं गाव आहे. त्याच कंपन्या, त्याच प्रकारचे व्यवहार. २०१८ च्या सुरुवातीला राज्याच्या अपील न्यायालयाने ब्रेकनरिजला हात हलवत परत पाठवलं. का? दोन गावांच्या नियमांतली शब्दरचना वेगळी होती. ब्रेकनरिजच्या नियमात ‘भाड्याने देणारा’ होता, आणि कंपनी काही खोली भाड्याने देत नाही. व्यवहार दोन्हीकडे सारखाच, पण कराचा पैसा कुठल्या कारकुनाने कुठल्या वर्षी कुठलं क्रियापद लिहिलं त्यावर ठरला.

आता इथे न्यायाधीशांना दोष द्यायचा मोह होतो. मी तो आवरतो. करकायदा संदिग्ध असेल तर संशयाचा फायदा करदात्याला द्यायचा हे जुनं तत्त्व आहे, आणि ते माझ्यातुमच्यासारख्यांच्या रक्षणासाठीच आहे. आज एका श्रीमंत कंपनीकडून वसूल करायला ‘चालवणं’ या शब्दाचा अर्थ सैल केला, तर उद्या तोच सैल शब्द ज्याला वकील परवडत नाही अशा एखाद्या घरमालकाच्या गळ्यात पडेल. म्हणून पिट काउंटी हरली तेव्हा मला वाईट वाटलं, पण न्यायालय चुकलं असं वाटलं नाही.

कंपन्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेगळाच आहे. त्या म्हणतात, हा कर खोलीत राहण्यावर आहे. आम्ही खोली विकत नाही, शोध विकतो. शंभर हॉटेलांची तुलना, छायाचित्रं, आधीच्या पाहुण्यांची मतं, मध्यरात्री चालणारं बुकिंग. या सेवेचे २५ डॉलर हॉटेलच्या हाताला कधी लागतच नाहीत, मग त्यावर हॉटेलकर कसला? हा युक्तिवाद मला खरंच विचारात पाडतो. एखाद्या माणसाने मला फोन करून हॉटेल शोधून दिलं आणि त्याबद्दल वेगळे २५ डॉलर घेतले, तर ते त्याच्या श्रमाचे पैसे आहेत, त्यावर हॉटेलकर मागणं जुलूम होईल.

पण तो माणूस मला सांगतो की हे २५ माझे. कंपन्या सांगत नाहीत. सांगूच शकत नाहीत, कारण हॉटेलशी ठरलेला घाऊक दर गुप्त ठेवायचा असं त्यांच्या करारातच असतं. ग्राहकाला दिसतो तो १०० डॉलरचा आकडा, आणि त्यावर ‘खोलीचा दर’ असंच लिहिलेलं असतं. ग्राहकासमोर तो खोलीचा दर, आणि करअधिकाऱ्यासमोर मात्र त्यातला चौथा हिस्सा सेवेची फी. एकाच आकड्याची ही दोन नावं एकाच वेळी चालवता येतात, कारण ग्राहक आणि करअधिकारी कधी एका खोलीत बसत नाहीत.

भांडणात ताकद कुणाच्या बाजूला होती तेही पाहायला हवं. जॉर्जियातलं कोलंबस हे काही मोठं पर्यटनस्थळ नाही. शेजारी फोर्ट बेनिंगचा लष्करी तळ आहे, त्यामुळे तिथे येणारं-जाणारं माणूस बरंच असतं. या शहराने एक्सपीडियावर दावा लावला, खालच्या न्यायालयात जिंकला, आणि २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम केला. या लढाईत कंपन्यांनी काय करावं? कोलंबसची हॉटेलं आपल्या साइटवरून काढून टाकली. एक्सपीडियाने काढली, तसं दुसऱ्या मोठ्या साइटनीही केलं. शहराने कर मागितला आणि शिक्षा भोगली हॉटेलवाल्यांनी, ज्यांचा या वादात काडीचा संबंध नव्हता. ज्या कंपन्या न्यायालयात शपथेवर सांगत होत्या की आम्ही फक्त मधले निरोपे आहोत, त्यांनी एका आख्ख्या शहराचा धंदा नकाशावरून पुसून दाखवला. सॅन अँटोनियोच्या ज्यूरीला नियंत्रण दिसलं ते बहुधा हेच असावं. कायद्याच्या भाषेत ते नियंत्रण ठरत नाही, एवढंच.

शहरांनाही मी साधू समजत नाही. हॉटेलकर हा पुढाऱ्यांचा लाडका कर आहे, कारण तो भरणारे तिथे मत द्यायला नसतात. पाहुणा रात्रभर झोपतो, सकाळी निघून जातो आणि दर का वाढला हे विचारायला परत येत नाही. म्हणून परिषद केंद्रं, स्टेडियमं, पर्यटनाच्या जाहिराती, जे काही गावकऱ्यांच्या मालमत्ता करातून करायची हिंमत होत नाही ते या करातून होतं. शिवाय यातले बरेच दावे खासगी वकिलांच्या पेढ्यांनी वसुलीत हिस्सा या बोलीवर लढवले. हरलो तर फी नाही, जिंकलो तर वाटा. असा सौदा झाला की कायदा सुधारून पुढचा कर नीट करण्यापेक्षा मागची दहा वर्षं उकरण्यात सगळ्यांना रस वाटू लागतो, कारण वाटा मागच्या थकबाकीत असतो. नव्या कायद्यात वकिलाला काय मिळणार?

आणि मागची वसुली हीच मला या प्रकरणात सगळ्यात नापसंत गोष्ट. २००३ साली खोली घेऊन गेलेल्या पाहुण्याकडे कंपनी २०१३ साली फरकाचे साडेतीन डॉलर मागायला जाऊ शकत नाही. नियम संदिग्ध होता हे तर देशभरातल्या न्यायालयांच्या उलटसुलट निकालांनीच सिद्ध केलं. मग त्यावर व्याज आणि दंड कसला? अटलांटाच्या दाव्यात जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जो मार्ग काढला तो मला या सगळ्या ढिगातला सर्वांत शहाणा वाटतो. मागचं मागायचं नाही, पण इथून पुढे पाहुणा मोजतो त्या रकमेवर कर द्यायचा. दोन्ही बाजू नाखूश झाल्या असतील. झाल्या तर झाल्या.

खरं दार विधिमंडळाचं होतं, आणि ज्यांनी ते ठोठावलं त्यांचं काम पुष्कळ स्वस्तात झालं. न्यूयॉर्क शहराने २००९ मध्ये आपला नियमच बदलला आणि मध्यस्थाच्या फीलाही करात घेतलं. कंपन्या न्यायालयात गेल्या, पण २०१३ मध्ये राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयात हरल्या. इथे शब्द ताणायचा प्रश्नच नव्हता, कारण शब्द नवे आणि नेमके होते. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये खोल्यांची फेरविक्री करणाऱ्यांची स्वतंत्र व्याख्या केली. पिट काउंटी हरल्यावर नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळानेही कायदा दुरुस्त केला. सगळीकडे हे सहज झालं असं नाही. मेरीलँडमध्ये विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर गव्हर्नरनी नकाराधिकार वापरला आणि २०१६ मध्ये विधिमंडळाला तो नकार मोडून काढावा लागला. कंपन्या विधिमंडळांतही जोर लावतात, हे खरंच. पण तिथे हरलेल्या शहराला निदान बाँडचा प्रीमियम भरावा लागत नाही.

२०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, राज्यात दुकान किंवा गोदाम नसलेल्या विक्रेत्यालाही विक्रीकर गोळा करायला लावता येतो असं ठरवलं, आणि त्यानंतर ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यालाच कराची जबाबदारी देणारे कायदे राज्याराज्यांत झाले. त्यामुळे जुन्या वादाची धार आता बोथट झाली आहे. घरातल्या खोल्या भाड्याने लावणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ पासून पोर्टलंड, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांशी करार करून आपणहून कर गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं कौतुक झालं. मला ते तितकंसं आवडलं नाही. असे बरेच करार गुप्त असत आणि कुठल्या घराचा किती कर आला ते शहराला कळत नसे. करदात्याने सरकारशी बंद दाराआड बसून कराच्या अटी ठरवायच्या, हे चुकवेगिरीपेक्षा बरं, पण फार बरं नाही.

मग कायदा कसा असावा? माझ्या मते दोन वाक्यांत मावतो. पाहुण्याने खोलीसाठी जी रक्कम मोजली ती कराचा पाया, ती आधी कुणाच्या हातात पडली याला महत्त्व नाही. आणि मध्यस्थाने आपली फी पैसे घेण्याआधी, खोलीच्या दरापासून वेगळ्या ओळीत, नाव घालून दाखवली असेल तर तेवढ्या फीवर हॉटेलकर नाही. दुसऱ्या वाक्यावर शहरं नाराज होतील, त्यांचा महसूल घटेल म्हणून. घटू दे. सेवेवर कर लावायचा असेल तर तो सेवाकर म्हणून उघडपणे लावावा, हॉटेलच्या पांघरुणाखाली नको. आणि खरं सांगायचं तर फारसा घटणारही नाही. कारण हा पर्याय कंपन्यांनाच नको असणार. शंभरच्या खोलीत हॉटेलचे ७५ आणि आमचे २५ असं पावतीवर छापलं, की पाहुणा पुढच्या वेळी सरळ हॉटेलला फोन लावेल. गुप्तता राखायची असेल तर पूर्ण रकमेवर कर भरा, कर वाचवायचा असेल तर आकडा दाखवा. निवड त्यांची.

मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय संस्थेचा, नवा नियम लागू झाला आहे. मुक्कामाच्या जाहिरातीत सगळ्या सक्तीच्या फी धरून एकूण किंमत आधीच दाखवावी लागते. सरकारी कर त्या पहिल्या आकड्यातून वगळता येतो, मात्र पैसे घेण्यापूर्वी तो सांगावा लागतो. शेवटच्या पानावर अचानक उगवणाऱ्या फीचा त्रास यामुळे कमी व्हावा. पण एकूण आकडा दाखवणं आणि त्याची फोड दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या १०० डॉलरमधले हॉटेलचे किती आणि मध्यस्थाचे किती, हे पाहुण्याला दाखवायची सक्ती हा नियमही करत नाही.